मशीनकडचं टोक

धातू कापणाऱ्या मशीनच्या मागे उकिडवं बसून वायरमनने कॉम्प्युटरकडून येणाऱ्या केबलच्या प्लगचं कव्हर उघडलं आणि दोष लगेच दिसला. एक बारीक पांढरी वायर पिनेपासून सुटून वर आली होती. गेल्या आठवड्यात कपाट सरकवताना केबलला हिसका बसला होता, त्याचाच हा प्रताप. दोन मिनिटांचं काम. तो सोल्डर आणायला उठणार, तोच मालक केबिनच्या दारातून ओरडले.

"अहो, हात लावू नका तिथे! मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर येतोय. आणि कोण येतोय माहितीये का? तुमचेच धाकटे साडू!"

वायरमनने त्या वायरीकडे पाहिलं. मग कव्हर बसवलं आणि स्क्रू होते तसे पिळून टाकले.

बायकोच्या बहिणीचा नवरा. वयाने बारा वर्षांनी लहान. सासरेबुवा चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे आमचे इंजिनिअर जावई." मग वायरमन समोर दिसला की, "हेही असतात एका कारखान्यात." वायरमन हसायचा. पण घरी आल्यावर रात्रीचं जेवण त्याला गोड लागायचं नाही.

धाकटा साडू दहाला आला. येताच वाकून नमस्कार केला.

"दादा, तुम्ही इथे आहात हे बरं झालं. मला तर धाकधूकच होती. काय होतंय नेमकं?"

"कॉम्प्युटरवरून छोटे प्रोग्राम नीट जातात. साच्याचा मोठा पाठवला की मशीन मध्येच लाल दिवा लावून बसतं."

"केबल? तुम्हीच टाकलीय ना?"

वायरमनच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तो म्हणाला, "केबल खराब असती तर छोटे तरी गेले असते का?"

"तेही खरंच. तुम्ही टाकलीय म्हणजे बघायलाच नको."

खरी गोष्ट अशी होती. मशीनची साठवण लहान. त्यामुळे मोठा प्रोग्राम त्याला लहान मुलासारखा घास घास भरवावा लागतो. तोंड भरलं की मुलाने 'थांब' म्हणायचं आणि भरवणाऱ्याने हात आवरायचा. सुटलेली पांढरी वायर ही त्या 'थांब'ची वाट होती. छोट्या प्रोग्रामात तोंड भरायची वेळच येत नव्हती. मोठ्यात मशीन थांब थांब म्हणत होतं, कॉम्प्युटरला ते ऐकूच जात नव्हतं आणि घास कोंबले जात होते.

साडूने पाठवण्याचा वेग बदलला. लाल दिवा. कॉम्प्युटरमधली प्रत्येक सेटिंग पुस्तकाशी ताडून पाहिली. लाल दिवा. दुसरा कॉम्प्युटर आणून जोडला. पुन्हा लाल दिवा. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. वायरमन समोरच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. कितीतरी दिवसांनी चहाला चव होती.

तीनच्या सुमाराला मालकांचा पारा चढला. "अहो, इंजिनिअर म्हणून बोलावलं तुम्हाला! उद्या साचा द्यायचाय मला. गिऱ्हाइकाला काय तुमची डिग्री देऊ?"

आता हा सबबी सांगणार, वायरमनने कान टवकारले.

"साहेब, मला नाही सापडत," साडू सरळ म्हणाला. "आमच्या दादांना बघू द्या. नोकरीसाठी चपला झिजवत होतो तेव्हा सोल्डर कसा लावायचा, हे यांनीच शिकवलं मला. सासऱ्यांनाही मी हेच सांगत असतो."

"सासऱ्यांना?" वायरमनच्या तोंडून निघून गेलं.

"दरवेळी. त्यांच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मी काय करू?"

मालक म्हणाले, "बघा हो मग. आता सगळं तुमच्यावर."

वायरमन उठला. मशीनच्या मागे गेला, कव्हर उघडलं, वायर पिनेला टेकवली. साडूने न सांगता चिमट्याने वायर धरून ठेवली. सोल्डरचा थेंब चमकला आणि विझला. मोठा प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावरचे आकडे पळायचे, थबकायचे, पुन्हा पळायचे. मशीन कापत राहिलं.

"वाघ आहे आमचा वाघ!" मालकांनी त्याची पाठ थोपटली. "इंजिनिअरला दिवसभर जमलं नाही ते यांनी पाच मिनिटांत केलं!" चार कामगार हसले. धाकटा साडूही हसला आणि अवजारं आवरू लागला.

मालक केबिनमध्ये गेल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, केबलला दोन टोकं. कॉम्प्युटरकडचं सोडून तुम्ही सरळ मशीनकडचंच उघडलंत."

मशीनचा आवाज चालूच होता. वायरमनला 'अंदाजाने' म्हणता आलं असतं.

"सकाळीच पाहिलं होतं," तो म्हणाला. "तू यायच्या आधी."

साडूने उरलेली अवजारं पेटीत ठेवली. पेटीची कडी लावली, मग उघडली, पुन्हा लावली. पेटी उचलायला तो वाकला, तोवर वायरमनने ती उचलली होती.

"राहू द्या दादा, जड आहे."

"असू दे."

फाटक बरंच लांब होतं. धाकटा साडू दोन पावलं पुढे चालत होता. मागून वायरमन येत होता, पेटी या हातातून त्या हातात घेत.