भामाचं वय

एकनाथरावांनी सुलतान बाजारातून अर्धा शेर कलाकंद आणला, तो भामाला बहात्तर मिळाले म्हणून.

सरकारी चाचणी केंद्रातून आलेल्या कागदावर इंग्रजीत पुष्कळ ओळी होत्या आणि सगळ्यांत खाली एक आकडा होता. सचिवालयात वीस वर्षं कागद हाताळून एकनाथरावांना प्रत्येक कागदाचा शेवट तेवढा वाचायची सवय लागली होती. "बहात्तर! फर्स्ट क्लासच्या वर बारा," ते म्हणाले, आणि नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत चार घरी द्रोण फिरले. शेजारच्या कुसुमताईंनी तर भामाची दृष्टही काढली.

तीन दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका सुशीलाबाईंची चिठ्ठी आली. सदर आकडा हे शंभरपैकी गुण नव्हेत. सर्वसाधारण मुलाचा आकडा शंभराच्या आसपास असतो. सबब कुमारी भामा हिला सोमवारपासून तिसरीतून काढून मंदगती मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवण्यात येईल व तशी नोंद तिच्या दाखल्यावर होईल.

तारामतीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग कलाकंदाचा उरलेला द्रोण उचलून चुलीत घातला.

"अहो, गल्लीभर पोरीच्या मठ्ठपणाचा कलाकंद वाटलात तुम्ही."

"मला काय ठाऊक? मला मार्कच वाटले."

"विचारायचं होतं."

"साहेबलोकांना काय विचारायचं? परदेशातून शिकून आलेत ते."

ते सत्तावन्न साल होतं, नुकतीच संक्रांत झाली होती. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला. एकनाथरावांना मात्र हैदराबादच्या गंडीपेट तलावाचं पाणी सुटेना, म्हणून ते इथेच राहिले. नव्या राज्यात सगळ्याच गोष्टींची नव्याने यादी चालली होती. टेबलं मोजून झाली, कारकून मोजून झाले, आणि मग कुणाला तरी आठवलं की पोरांच्या डोक्यांची मोजदाद राहिलीच आहे. भामाच्या शाळेने आपली तिसरी रांगेने त्या बुद्धिमापनाच्या केंद्रात धाडली.

भामा घरात मराठीत उलट उत्तरं द्यायची, गल्लीत दख्खनीत भांडायची आणि भाजीवालीकडून तेलुगूत कोथिंबिरीची जुडी फुकट काढायची. ही मठ्ठ असेल, तर आपण सगळेच घरात बसावं, असं तारामतीला वाटलं. तिने चपला घातल्या आणि रिक्षावाल्याला आबिड्सला घ्यायला सांगितलं.

केंद्र पोस्टामागच्या एका बंगल्यात होतं. परीक्षक हिम्मतराव सज्जन माणूस होता. सज्जन माणसांवर रागावणं फार कठीण जातं, म्हणून तारामतीने भामाचं नाव सांगून उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"बाई, पालक इथे येत नसतात. निकाल शाळेकडे जातो."

"पोर माझ्याकडे येते. प्रश्न कुठल्या भाषेत विचारलेत?"

"हिंदीत. सरकारी अनुवाद आहे."

"आमच्या घरात हिंदी फक्त रेडिओ बोलतो. कितीला बसवलंत?"

"भामा... दीड वाजता."

"डबा खाल्ला होता तिने?"

"ते आमच्या फॉर्ममध्ये नाही."

"किती वेळ घेतलात?"

"चाळीस मिनिटं."

"चाळीस मिनिटांत माझी मेथी निवडून होत नाही. तुम्ही पोर निवडून मोकळे झालात. आकडा काढलात कसा, ते दाखवा."

हिम्मतरावांनी कागद तिच्याकडे फिरवला. कागद दाखवायचा त्यांना बहुधा आनंदच झाला असावा. आजवर कुणी मागितला नव्हता. "ही उत्तरं जितक्या वर्षांच्या मुलाला यावीत, ते बौद्धिक वय. साडेसहा. हे प्रत्यक्ष वय, नऊ. साडेसहाला नवाने भागायचं, शंभराने गुणायचं. बहात्तर."

तारामती त्या नऊकडे बघत राहिली. सकाळपासून तिच्या रागाला पत्ता सापडत नव्हता. आता सापडला, आणि तो आबिड्सचा नव्हता.

"नऊ कुणी सांगितलं?"

"शाळेचं रजिस्टर."

"सात वर्षांची आहे ती."

हिम्मतरावांनी समासात भागाकार केला. "त्र्याण्णव," ते म्हणाले. "चारचौघींसारखी आहे हो. मराठीत घेतलं तर वरही जाईल." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगू? शंभरावर पोरांचे निकाल पाठवलेत. एकही आईबाप आला नाही. कुठली भाषा, कुठलं वय, पोर आजारी होतं का, काही नाही. आकडा घेतात आणि गप्प बसतात."

"मग विचारायला या, असं त्याच कागदावर लिहीत का नाही?"

हिम्मतरावांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"वडिलांच्या सहीने शाळेत तारखेच्या दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत पत्रिका जोडा," ते शेवटी म्हणाले. "मी परत घेतो. मराठीत. जेवूनखाऊन आणा तिला."

परतताना रिक्षात तिला सगळं आठवत गेलं. शाळेत सहाव्या वर्षी घेत, आणि डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहाचं झालं असं मास्तर धरून चालत. भामा तेव्हा चारची होती. हात कानाला पुरेना, तर एकनाथरावांनी तिचं कोपर धरून पुरवला. घरी येऊन त्यांनी हे रंगवून सांगितलं होतं, आणि तारामती पोट धरून हसली होती. आता तिला त्या हसण्याचाही राग आला.

एकनाथराव ऑफिसातून आले. तिने अर्जाचं नाव काढताच त्यांचा चहा बशीतच राहिला.

"अगं, आत्ता जन्मतारखेचं नाव नक्को! सेवाज्येष्ठतेच्या याद्या चालल्यात आमच्याकडे. कर्नूलच्या सचिवालयातून इथे आलेले एकेक सर्व्हिस बुक उघडून बसलेत. या घरातली एक तारीख खोटी निघाली, की दुसरी बघणार नाहीत?"

दुसरी तारीख त्यांची स्वतःची होती. कागदोपत्री ते खऱ्याहून तीन वर्षांनी लहान होते. त्यांच्या काकांनी शाळेत घालतानाच पुढच्या पेन्शनीचा विचार केला होता. घरात वयं अशी सोयीने वापरली जात होती. बापाची तीन उतरवलेली, लेकीवर दोन चढवलेली.

"वेगळ्या वर्गात बसली वर्षभर, तर काय बिघडतं?" ते हळूच म्हणाले. "पोरीची जात. कुठे नोकरी करायचीय तिला?"

तारामती उठली. तिने ट्रंकेतून तांबड्या फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि दोन पत्रिका त्यांच्यासमोर चटईवर मांडल्या. एक भामाची. दुसरी लग्न जुळवताना तिच्या माहेरी आलेली, एकनाथरावांची, खऱ्या तारखेची. ज्योतिषाला खोटं सांगायची हिंमत काकांनाही झाली नव्हती.

"यातली एक सोमवारी जाणार," ती म्हणाली. "भामाची शाळेत, नाहीतर तुमची कर्नूलवाल्यांकडे. कुठली, ते तुम्ही ठरवा."

"तू असं करशील?"

"पोरीचं कोपर तुम्ही धरलं होतंत. आता हात तुमचा आहे."

एकनाथरावांनी दौत मागितली. अक्षर त्यांचं सुरेखच होतं. 'केवळ नजरचुकीने वय दोन वर्षे अधिक लागले,' असं त्यांनी लिहिलं. तारामतीने 'केवळ नजरचुकीने' यावर बोट ठेवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. दुसऱ्या कागदावर त्यांनी 'माझ्याकडून' असं लिहिलं आणि सही केली. लगेच त्यांनी आपली पत्रिका उचलायला हात घातला, तोवर ती परत ट्रंकेत गेली होती. किल्ली तारामतीच्या कमरेला होती.

सोमवारी शाळेत सुशीलाबाईंनी अर्ज घेतला, पत्रिका पाहिली, शिक्का मारला. "केंद्राचा नवा निकाल येईपर्यंत मात्र तिला वेगळ्या वर्गातच..."

"तोवर तिसरीत बसेल."

"बाई, नियम आहे."

"चुकीच्या वयावर लावलेला. या अर्जावर तुमचा शिक्का आहे आता."

तारामतीने भामाला तिसरीच्या दारातून आत ढकललं आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. शिपाई दोनदा येऊन बघून गेला.

मधल्या सुट्टीत भामा डबा घेऊन बाहेर आली. "आई, बाई म्हणाल्या, मी दोन वर्षांनी लहान झाले."

"हो."

"आणि बाबा?"

"बाबा अजून तेवढेच आहेत," तारामती म्हणाली. "जेव आधी."