मला आत्ता धुऊ नका

मी श्वासनळी बोलतेय. हाडामांसाची नव्हे, प्लास्टिकची. नाक, तोंड, घसा, खाली नळी, नळीला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. झाड उलटं टांगावं तशी माझी काया. अक्षर मला वाचता येत नाही. पण माझ्यासमोर कोण काय बोललं, त्यातला शब्दही मी विसरलेली नाही. आज मात्र गप्प बसवत नाही. अती झालं.

एका धडधाकट माणसाचे नाकापासून छातीपर्यंतचे आतले फोटो काढले आणि त्यावरून यंत्रानं थरावर थर चढवून मला घडवलं. शेंगेसारखी मी मधोमध उघडते. माझी मालकीण म्हणजे संशोधन करणारी मॅडम. बाई कष्टाळू, खोटं कशाला बोलू? माझ्या आतला खडबडीतपणा तिनं स्वतः घासून काढला, बोटं सोलली तरी थांबली नाही.

काम असं. पंप माझ्यातून वारा ओढायचा, वाऱ्याबरोबर दगडाची भुकटी. मग मॅडम मला उघडणार, कुठल्या फाट्यात किती धूळ बसली ते कापसाच्या बोळ्यानं टिपून तोलणार. त्यानंतर मावशी मला नळाखाली धुणार. मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणारी. तिचा नवरा दगड दळायच्या कारखान्यात गोण्या वाहतो. त्याच कारखान्यानं विचारलं होतं, कामगारांना तोंडाला बांधायला फडका पुरतो की चांगला मास्क द्यावा लागेल?

आणि इथंच घोळ झाला. मॅडमनी माझ्या तोंडाला रबरी बूच ठोकलं आणि सगळा वारा नाकातून ओढला, तोही हळूहळू, जेवून वामकुक्षी घेणाऱ्या माणसासारखा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. धूळ माझ्या नाकातच अडली, छाती स्वच्छ. अहवाल गेला : फडका पुरे. कारखान्यानं तो दारावर चिकटवला.

काही महिन्यांनी मला धुताधुता मावशी थांबली.

"मॅडम, एक विचारू? हिचं नाक भरतं, छाती कोरी राहते. माझ्या माणसाचं उलटं कसं हो? छाती नुसती घरघरते."

"नाकात धूळ अडते, मावशी. नाक असतंच त्यासाठी."

"पण हिच्या तोंडाला हे बूच कशाला?"

"स्वस्थ बसलेला माणूस नाकानंच श्वास घेतो ना."

"स्वस्थ बसलेल्याच्या पाठीवर गोणी कोण देतं?" मावशीनं मला ओट्यावर आपटलंच जवळजवळ. "पन्नास किलो पाठीवर आलं की तोंड असं वासतं की चिमणीनं घरटं करावं!"

मॅडम हसली. मग हसता हसता तिचा चेहरा उतरला. एवढी शिकलेली बाई, अन् गोणी उचलणारा माणूस तिनं कधी जवळून पाहिलाच नव्हता!

सुट्टीच्या दिवशी मावशीचा नवरा आला. श्वास मोजायचा पट्टा छातीला बांधून, पाठीवर गोणी घेऊन तो जिना चढू लागला. दुसऱ्याच मजल्यावर मॅडम म्हणाली, "पुरे, काका, ठेवा खाली." तो म्हणाला, "रोज ऐंशी वाहतो. आज सुट्टी, म्हणून ही एकच." वर आला, मटकन पायरीवर बसला, खोकला, खोकतच हसला. "लिहा मॅडम. साहेबाचा नको, हमालाचा श्वास लिहा."

माझ्या तोंडाचं बूच निघालं. पंपाला हमालाचा श्वास दिला. देवा रे! धूळ घशावर आदळली, पहिल्या फाट्याशी तिचा ढीग झाला, आणि बारीक भुकटी पार शेवटच्या डहाळ्यांपर्यंत गेली. मॅडमनी मला उघडलं आणि फाट्याफाट्यातली धूळ दोनदोनदा तोलली. नंतर माझ्या नाकातोंडावर फडका बांधून पुन्हा पाहिलं. फडक्यातून धूळ चाळणीतून पीठ पडावं तशी आत.

मला वाटलं, आता दारावरचा तो कागद फाटणार. कसलं काय! विभागाचे मोठे साहेब आले. वाकून माझ्यात पाहिलंसुद्धा नाही.

"एकदा दिलेला अहवाल आपण बदलत नाही. हसं होईल आपलं. पुढच्या वर्षी नवीन प्रकल्पात बघू. हे मॉडेल धुऊन कपाटात ठेवा."

पुढच्या वर्षी! अहो, त्या माणसाला पुढचा श्वास घ्यायला पायरीवर बसावं लागतं, आणि तुम्ही वर्षाच्या गोष्टी करता? साहेबाचा मला राग आहेच. पण त्याहून जास्त मॅडमचा आहे. तिनं मूग गिळले. माझ्या तोंडाचं बूच काढलं, ते स्वतःच्या तोंडाला लावलं. "मावशी, हे तेवढं धुऊन ठेवा," एवढंच म्हणाली, तेही खिडकीकडे बघत.

मावशी मला नळाशी घेऊन गेली. नळावर हात ठेवला. पाणी सोडलं नाही. परत आली आणि मला उघड्या शेंगेसारखं मॅडमच्या टेबलावर, वहीवर ठेवलं.

"एवढे दिवस धुतलं हिला, कधी नाही म्हटलं नाही. आज नाही धुणार. यातली धूळ माझ्या घरची आहे. धुवायची तर तुमच्या हातानं धुवा."

बादली उचलून ती निघून गेली.

तेव्हापासून मी इथेच आहे. दोन भाग, दोन्हींत धूळ जशीच्या तशी. मॅडम समोर बसली आहे, चहावर साय धरली आहे. कारखान्यात आत्ता पाळी सुरू असेल, कुणाच्या तरी पाठीवर गोणी चढत असेल, तोंड वासलं जात असेल आणि फडक्याखाली तो निर्धास्त असेल, कारण दारावर तुझी सही आहे, बाई. माझ्यात धूळ बसली तर धुता येते. त्याच्यात बसली की बसली.

आता तिनं मला उचललंय. ऐक, पोरी. डावीकडे नळ आहे, उजवीकडे दार. मला आहे तशी घे, उघडी, मळलेली, आणि दाराकडे वळ. त्या कारखान्याच्या दाराशी नेऊन ठेव मला, त्या कागदाखाली. पुढचं मी बोलते.