जाहिरातींची इर्जिक

धम्मरत्ननं हे लिहायचंच नाही असं जवळपास ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा त्यानं 'मी' काढला आणि 'तो' घातला. 'तो' म्हटलं की बोटं जरा चालतात.

तर तो उमरखेड तालुक्यातला, वय सव्वीस, बी.ए. अर्धवट. ब्लॉग बनवायला मोबाईलवरच शिकला, कोणी शिकवलं नाही. सातबारा कसा काढायचा, पीक पाहणीत फोटो कसा टाकायचा, रेशन कार्डात सुनेचं नाव कसं चढवायचं, असं सगळं साध्या मराठीत, फोटो दाखवून लिहायचा. लोक वाचायचे, बाजूला जाहिराती दिसायच्या, आणि त्यावर घर चालायचं. ज्या महिन्यात ते जमलं त्या महिन्यात त्यानं आईला सांगितलं, "आता निंदणाले जायचं नाही." विमलताईंनी खुरपं आढ्याला खोसून ठेवलं आणि गल्लीभर सांगत फिरल्या.

मागच्या वर्षी वाचणारे आटले. लोक सर्च करायचे आणि उत्तर वरच्या वर, सर्चच्या पानावरच, मिळून जायचं. खाली उतरून ब्लॉग उघडायची गरजच कोणाला पडेना. पाच महिन्यांत कमाई चौथाईवर आली. एका सकाळी विमलताईंनी खुरपं काढलं आणि बायांसोबत निघाल्या. तो दारात उभा होता.

त्याचा शाळेपासूनचा दोस्त म्हणजे भीमसिंग राठोड. बंजारा तांड्यावर त्याचं ऑनलाइन केंद्र, फॉर्म भरायचं.

"काहून बे, तोंड पाडून बसला?"

"जाहिरातीवर कोणी बोटच नाही लावून राह्यलं."

"हात्तिच्या! मंग इर्जिक घालू ना."

इर्जिक म्हणजे एखाद्याचं शेत मागं पडलं की सगळे जण एक दिवस फुकट राबतात, आणि ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. भीमसिंग हसला. "तुह्यं शेत मोबाईलमधी हाय, एवढाच फरक."

आपल्याच माणसांनी जाहिराती दाबायच्या नसतात, हे धम्मरत्नला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, नवीन ब्लॉगवाल्यांसाठी त्यानं स्वतः त्यावर एक लेख लिहिला होता. तरी तो बोलला नाही. उलट रविवारी दोन पिशव्या आलूबोंडे घेऊन गेला.

तांड्याच्या समाजमंदिरात बावीस पोट्टे मोबाईल घेऊन बसले होते. भीमसिंगची आई, त्याची याडी, सुखीबाईसुद्धा.

"याडी, त्या ट्रॅक्टरवर दाब."

"दाबला. आता येते का घरी ट्रॅक्टर?"

"येते, पन चालवायले तूच बसजो."

सगळे खिदळले. धम्मरत्नही. मनापासून हसला, हे त्याला आजही आठवतं आणि आवडत नाही.

चौथ्या दिवशी जाहिरातींचं खातं बंद. असे खोटे क्लिक कसे आले ते लिहून कळवा, मग बघू, असा जाहिरात कंपनीचा मेल. एक रिकामा चौकोन होता. त्या चौकोनासमोर तो तासभर बसला. खरं लिहिलं तर खातं कायमचं जाईल असं त्याला वाटलं. बाहेर विमलताई पायाच्या भेगांना तेल लावत होत्या. त्यानं लिहिलं: भीमसिंग राठोड हा इसम ऑनलाइन केंद्र चालवतो, माझ्यावर जळतो, त्यानं मुद्दाम माणसं जमवून माझं नुकसान केलं. खाली तांड्याचं नावही टाकलं. ॲपनं इंग्रजी करून दिलं. त्यानं वाचलंही नाही, उत्तराचा मेल पाठवून दिला.

महिन्यानं खातं पुन्हा उघडलं.

वाईट असं की त्या महिन्यात भीमसिंग रोज यायचा. "माह्याच्यानं झालं बे. मले नियम मालूम नव्हता." धम्मरत्न म्हणायचा, "जाऊ दे ना." जसं काय तोच मोठ्या मनाचा.

आणि भरपाई म्हणून भीमसिंगनं एक काम अंगावर घेतलं. केंद्रावर जे कोणी अडून बसायचे त्यांचे प्रश्न तो रेकॉर्ड करून पाठवू लागला. कापूस वेचून अंगठा घासला, मशीन घेत नाही, काय करू? आधारवर नवऱ्याचं नाव एक अन् सातबाऱ्यावर दुसरंच, कुठं जाऊ? अशांची उत्तरं वरच्या वर मिळत नव्हती. धम्मरत्न ती तहसीलमधून विचारून आणायचा आणि लिहायचा. लोक परत आले. थांबून वाचू लागले, एकमेकांना पाठवू लागले. तूर सोंगेपर्यंत कमाई जवळपास पहिल्यासारखी झाली. विमलताईंनी निंदण पुन्हा सोडलं.

म्हणजे ब्लॉग ज्यानं उठवला, त्याच्याच विरुद्ध तो मेल होता.

मग भीमसिंग म्हणाला, "मले बी एक चॅनल काढून दे. आमच्या गोर बोलीत सांगतो. याडीसारख्या बायाइले समजीन." धम्मरत्ननं काढून दिलं. व्हिडिओ चालले. जाहिरातींसाठी अर्ज केला, तो नाकारला. पुन्हा केला, पुन्हा तेच. कारण म्हणून एक ओळ: आधीच्या गैरप्रकाराशी संबंध.

"माह्यं तं कधी खातंच नव्हतं बे," भीमसिंग केंद्रात बसून म्हणाला. "कायचा गैरप्रकार? तू विचार ना त्याइले इंग्रजीत."

त्या मेलमुळंच झालं की दुसऱ्या कशानं, हे धम्मरत्नला कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्युटरची चूक असेल म्हटलं असतं तर भीमसिंगनं मानलं असतं. आजवर धम्मरत्ननं जे सांगितलं ते सगळंच त्यानं मानलं होतं.

धम्मरत्ननं आपण पाठवलेला तो मेल उघडला आणि मोबाईल पुढं केला.

"हे काय हाय?"

"वाच."

"इंग्रजी हाय ना बे." भीमसिंगनं मराठी करून ऐकवायचं बटण दाबलं. बाईचा सपाट आवाज सुरू झाला. "भीमसिंग राठोड नावाचा व्यक्ती माझा मत्सर करतो. त्याने जाणूनबुजून लोक गोळा केले..."

सुखीबाई डबा घेऊन दारात आल्या होत्या. "कोन बाई हाय रे? तुह्यं नाव घेऊन राह्यली."

भीमसिंगनं आवाज बंद केला. "काही नाही याडी. जाहिरात हाय."

त्या डबा ठेवून गेल्या. भीमसिंगनं डबा उघडला नाही. स्टेपलर उचललं, खाली ठेवलं.

"आडनावासगट टाकलं," तो म्हणाला.

"हाव."

"तांड्याचं नाव बी."

"हाव."

"मी तं रोज येऊन माफी मांगत होतो तुले." त्यानं डबा बाजूला सारला. "शिव्या द्यायले बी जीव नाही होऊन राह्यला. आता काय करशीन?"

"त्याइले खरं लिहितो. मले सारं मालूम होतं म्हून."

"तुह्यं खातं जाईन."

"जाईन."

"अन् विमलकाकू?"

धम्मरत्न म्हणाला, "आईले मी सांगतो, घरी जाऊन, आजच. अन् मेल इथंच बसून लिहितो, तुह्यासमोर. एका मेलनं तुह्यं नाव साफ नाही झालं तं दुसरा लिहीन, दहावा लिहीन. तू माह्याशी बोल नाही तं नको बोलू, पन तुह्यं नाव साफ होयेपर्यंत मी थांबत नाही, भीम्या."