सतरावा प्रश्न

क्रिस्टा प्रश्न विचारायची आणि थांबायची. "ही वांगी कशी दिली?" असं विचारलं की भाजीवालीकडे टक लावून उभी राहायची. भाजीवालीनं तत्काळ भाव सांगितला तरी हिचं थांबणं संपायचं नाही. पूर्ण चार सेकंद झाले की मगच पुढचं वाक्य. इतवारीत एका भांडेवाल्यानं तर गोपिकेला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाई, ह्या मॅडमले कमी ऐकू येते का?"

क्रिस्टाचे कान ठणठणीत होते. चूक गोपिकेची होती. ते चार सेकंद तिनंच मोजून दिले होते.

गोपिका नागपुरात रामदासपेठेतल्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे पंचाहत्तर साली, या शाळेचं जर्मनीतल्या एका लहान गावच्या शाळेशी नातं जुळलं. तिथली मुलं रुग्णसेवा आणि शेतकाम शिकून वर्षभरासाठी विदर्भातल्या खेड्यांत कामाला यायची, म्हणून त्यांना मराठी हवी होती. इकडच्या नववी-दहावीच्या मुलींना जर्मन शिकायची होती. ठरलं असं, की एकमेकांना धडे टेप करून पाठवायचे, आणि पुढे जमलं तर दोन्हीकडच्या एकेका शिक्षिकेनं वर्षभर जागा बदलायची. तिकडून मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर भेट आला. एम.एस्सी. झालेली बाई यंत्राला भिणार नाही, अशा हिशेबानं मुख्याध्यापिकांनी तो गोपिकेकडे सोपवला.

आवाज मात्र रंभाबाईंचा होता. रंभाबाई मराठी शिकवायच्या. रामटेकजवळच्या शेतकरी घरातल्या, चाळिशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या. वर्गात त्यांची भाषा इस्त्रीच्या पातळासारखी असायची. वर्गाबाहेर पडल्या की रामटेकची. शाळेमागच्या गल्लीत मैनाबाईंच्या घरी दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या होत्या. एक रंभाबाईंची, एक गोपिकेची, आणि स्वयंपाकाचा ओटा दोघींत मिळून. उमरेडला गोपिकेच्या घरी दिवसभर मागाचा खटका चालायचा; नोकरी लागून ती इथं आली तेव्हा पहिले काही दिवस शांततेनंच तिला झोप यायची नाही. मग रंभाबाईंचं बोलणं सुरू झालं आणि तो प्रश्न सुटला.

धडे टेप करायचे ते प्रयोगशाळेतल्या प्रकाशाच्या प्रयोगांसाठी असलेल्या अंधाऱ्या खोलीत. तिला जाड काळे पडदे होते, त्यामुळे रस्त्याचा आवाज कमी यायचा. पंख्याची घरघर टेपवर उतरे म्हणून पंखा बंद. दोघी घामानं निथळायच्या.

"समोर माणूस नाही काही नाही, अन् मी विचारून राहिली, तुमचं नाव काय!" रंभाबाई म्हणायच्या. "भुतासंग बोलल्यासारखं वाटते वं मले."

"बाई, प्रश्न झाला की जागा सोडा. मुलं तिकडे त्या जागेत बोलतील."

"किती सोडू?"

"लहान प्रश्नाला चार सेकंद, मोठ्याला सात." गोपिकेनं लंबकाच्या प्रयोगाचं थांबघड्याळ त्यांच्या हातात दिलं.

रंभाबाईंना ते काही जमेना. घड्याळाकडे बघितलं की त्या प्रश्न चुकायच्या, प्रश्नाकडे लक्ष दिलं की घड्याळ दाबायचं राहायचं. पाचव्या दिवशी मात्र त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि एका दमात वीस प्रश्न विचारले. गोपिकेनं नंतर टेप लावून मोजलं. एकाही जागेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक नव्हता.

"हे कसं केलं?"

"सोपं आहे. विचारते अन् मनातल्या मनात मीच उत्तर देते. ते संपलं की पुढचा प्रश्न."

"मनात काय सांगता?"

"खरं असंन ते. एक-दोनदा खोटं सांगून पाह्यलं, तर वेळच चुकला." आणि त्या इतक्या हसल्या की तेही टेपवर उतरलं आणि पुसावं लागलं.

सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात रंभाबाई वर्षभरासाठी तिकडे गेल्या आणि त्यांच्या जागी तिकडून क्रिस्टा आली. येण्यापूर्वी तिनं हेच धडे पाठ केले होते, जागांसकट. तिच्या तोंडून रंभाबाईंचे चढउतार ऐकू यायचे. "जेवण झालं का?" मधला "का" अगदी तसाच किंचित वर उचललेला. गोपिकेला पहिल्या आठवड्यात ते ऐकून गंमत वाटली. पुढे क्रिस्टा जवळून बोलू लागली की गोपिका दुसरीकडे बघायची.

घरी दुसऱ्या खोलीला कुलूप होतं. आत रंभाबाईंची ट्रंक, लोखंडी खाट आणि भिंतीवर एक कालनिर्णय, ऑगस्टावर थांबलेलं. गोपिका रविवारी ती खोली झाडायची. चहाला दोन कप पाणी ठेवायची सवय दिवाळीपर्यंत गेली नाही. संध्याकाळी पेपर तपासताना एखादी मुलगी काही भलतंच लिहून जायची, गोपिका ते मोठ्यानं वाचायला तोंड उघडायची आणि मिटायची. उमरेडहून आई निरोप पाठवायची की सुट्टीत ये, स्थळ आलंय. सुट्टीत ती जाऊन यायची, आणि परतीच्या एसटीत बसलं की तिला कळायचं, की आपण तिथूनही निघालो आणि इथंही कुणी वाट पाहत नाहीये.

रंभाबाईंची पत्रं महिन्याला एक यायची, निळ्या हवाई कागदावर. काळ्या पावाबद्दल, बर्फाबद्दल, कोण मुलगा "ळ" म्हणायला शिकला त्याबद्दल. स्वतःबद्दल एकदाच एक ओळ होती: "इथे माझ्या खोलीला आतून कडी आहे आणि खिडकीत नदी आहे." गोपिकेला ती ओळ पाठ झाली. रामटेकला भावाच्या घरी रंभाबाईंची जागा धान्याच्या कोठीत होती, आणि मैनाबाईंकडच्या खोलीला फक्त बाहेरून कडी होती.

मार्चात एका दुपारी क्रिस्टा शिक्षकांच्या खोलीत तिच्या शेजारी येऊन बसली.

"गोपिका, तुला माहीत आहे का?"

चार सेकंद.

"काय?"

"आमची शाळा रंभाबाईंना अजून तीन वर्षं ठेवायचं म्हणते. मला तिथून पत्र आलं. रंभाबाई अजून हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. जूनपर्यंत त्यांना सांगायचं आहे." मग तिनं विचारलं, "तुला वाईट वाटलं का?" आणि ती थांबली.

ते चार सेकंद गोपिकेनं आयुष्यात मोजलेले सर्वांत लांब होते. "चहा घेणार?" ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं रंभाबाईंना तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. कारण तिला नीट ठाऊक होतं. वाटीभर पाण्यात मोठा तापमापक बुडवला तर तो पाण्याचं तापमान सांगत नाही, बदलून टाकतो. "बाई, तुम्ही येणार का?" असं आपण विचारलं, की रंभाबाई येतील. आपल्यासाठी येतील. आतून कडी असलेली खोली सोडून येतील आणि त्याबद्दल कधी अक्षरही बोलणार नाहीत. आणि न विचारावं, तर एक दिवस निळ्या कागदावर पावाच्या आणि बर्फाच्या मध्ये ते कळेल.

इकडे मैनाबाईंनी तगादा लावला होता. त्या वाईट नव्हत्या. भंडाऱ्याहून त्यांची भाची शिकायला येणार होती.

"काहून वं गोपिका, तुझी रंभाबाई येऊन राहिली का नाही? खोली अशीच पडली आहे. का तिथं गोऱ्या साहेबाशी लगीन लावलं तिनं?"

"जूनमध्ये सांगते, मावशी."

"मंग जूनच्या पयले सांग. पोरगी पंधराले येते."

एप्रिलात चौदावा धडा टेप करायचा होता, रंभाबाई गेल्यानंतरचा पहिलाच. आता आवाजही गोपिकेलाच द्यावा लागणार होता. धडा प्रवासाचा, वीस प्रश्न. गाडी किती वाजता सुटते? तिकीट कुठे मिळतं? सोबत कोण आहे? तिनं वहीत प्रश्न लिहिले आणि सतरावा लिहिला: "तुम्ही नागपूरला परत कधी येणार?" तिकडच्या मुलांपैकी दोघं इथं येऊन गेले होते, तेव्हा प्रश्न गैर नव्हता. प्रवासाच्या धड्यात तो असणारच, असं तिनं स्वतःला सांगितलं. टेपवर तो तिनं बाकीच्या एकोणीस प्रश्नांसारखाच विचारला, एका सुरात, आणि घड्याळ बघून सात सेकंद सोडले.

पद्धत अशी होती, की तिकडे हा धडा वर्गात लावायचे आणि दुसऱ्या यंत्रावर मुलांची उत्तरं टेप करून परत पाठवायचे. प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन मुलं बोलायची आणि शेवटी शिक्षिका नमुन्याचं उत्तर द्यायची; आता ती शिक्षिका म्हणजे रंभाबाई.

शाळेचं वर्ष संपलं तशी मेच्या सुरुवातीला क्रिस्टा परत गेली. स्टेशनवर तिनं विचारलं, "तू मला पत्र लिहिशील का?" या खेपेला गोपिका लगेच हो म्हणाली आणि क्रिस्टाही थांबली नाही, गाडी हलली होती.

टेप आली ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. शाळा बंद होती. महादेवराव शिपायांनी कुरकुरत प्रयोगशाळा उघडून दिली. "बाई, एवढ्या उन्हाच्या काहून आल्या? टेप काय पयून चालली का?"

काळ्या पडद्यांच्या आत भट्टी होती. गोपिकेनं टेप लावली. आधी तिचाच आवाज, मग मुलं. "गाडी साडेआठ वाजता सुटते," एक मुलगी म्हणाली. मग रंभाबाई, वर्गातल्या स्वच्छ भाषेत: "गाडी सकाळी साडेआठ वाजता सुटते. शाबास, उटे." नऊ महिन्यांनी तो आवाज त्या खोलीत आला होता. गोपिका डोळे मिटून बसून राहिली. दहावा, बारावा, सोळावा.

"तुम्ही नागपूरला परत कधी येणार?"

एक मुलगा म्हणाला, "मी पुढच्या वर्षी परत येणार." एक मुलगी म्हणाली, "मी येणार नाही, कारण तिथे फार ऊन आहे." वर्ग हसला. मग रंभाबाईंची पाळी.

काहीच नाही.

गोपिकेला आधी वाटलं, टेपच कोरी गेली. पण कोऱ्या टेपचा आवाज वेगळा असतो. ही कोरी नव्हती. खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. लांब कुठं घंटा वाजत होती, आणि माइकच्या अगदी जवळ एक श्वास होता. मग रंभाबाई म्हणाल्या, "प्रश्न अठरावा."

गोपिकेनं टेप मागे घेतली आणि घड्याळ दाबलं. एकवीस सेकंद. पुन्हा मोजलं. एकवीस. तिसऱ्यांदा एकवीसला थोडे जास्त.

रंभाबाईंना यंत्र थांबवता आलं असतं. ते पुसून, "मी ऑगस्टात परत येणार" असं नमुन्याचं वाक्य घालता आलं असतं. त्यांनी ते केलं नव्हतं. मनात खरं ते सांगितलं होतं आणि ते संपेपर्यंत टेप फिरू दिली होती.

मग गोपिका प्रयोगाला बसली. "येणार" म्हणायला एक सेकंदही लागत नाही. तिनं डोळे मिटून, रंभाबाईंच्या चालीनं, मनातल्या मनात सांगून पाहिलं: येते वं गोपे, ऑगस्टात येते, चहा ठेव, खोली झाडून ठेव, मैनाबाईले सांग. सात सेकंद. त्यात रामटेक घातलं, शाळा घातली, इथलं ऊन घातलं. बारा. त्यापुढे काही सुचेना. येणाऱ्या माणसाला इतकं सांगावंच लागत नाही.

मग तिनं दुसरं उत्तर सांगून पाहिलं, ज्याची सुरुवात "रागावू नको" अशी होती. ते कुठेही न अडता चालत राहिलं. ते संपलं तेव्हा तिनं घड्याळाकडे पाहिलंच नाही.

त्या संध्याकाळी ती मैनाबाईंच्या दारात उभी राहिली. "मावशी, भाचीला खोली देऊन टाका."

"काहून? पत्र आलं का तिचं?"

"नाही."

"मंग तुले कसं समजलं?"

"समजलं."

मैनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि एरवी तोंडावर असलेली थट्टा त्यांनी गिळली. "भाजी केली आहे भरीताची. नेतं का थोडी?" त्या म्हणाल्या. गोपिकेनं वाटी घेतली. रात्र पडण्यापूर्वी तिनं ट्रंक ओढत आपल्या खोलीत आणली, खाटेच्या पायाशी ठेवली आणि कालनिर्णय काढून तिच्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा प्रयोगशाळेत गेली. पंधरावा धडा घराबद्दल होता. पंखा बंद केला, पडदे ओढले, टेप चालू केली. थांबघड्याळ खणातच राहू दिलं.

"तुमच्या खोलीत खिडकी आहे का?" तिनं विचारलं. जागा सोडली.

"खिडकीतून काय दिसतं?" जागा सोडली.

तिसरा प्रश्न वहीत नव्हता. "तिथे तुम्हाला बरं वाटतं ना?" तिनं विचारलं, आणि मग रंभाबाईंसारखं, घड्याळाविना, त्यांच्या वतीनं मनातल्या मनात उत्तर देऊ लागली. ते चालू असतानाच दार वाजलं.

"बाई, झालं का? मले कुलूप लावाचं आहे. जीव जाते इथं गरमीनं, तुम्ही कोणाशी बोलून राहिल्या अंधारात?"

चकत्या फिरत होत्या. टेपवर ते सगळं उतरलं होतं, दाराच्या कडीसकट. नियमाप्रमाणे टेप मागे घेऊन पुसायला हवं होतं. गोपिकेनं बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. महादेवरावांचा आवाज रंभाबाईंना ओळखू येईल.

"झालंच, महादेवराव," ती म्हणाली, आणि वहीत बघून चौथा प्रश्न विचारला.