मागून हाक

मंजुळाने छर्‍यांचा डबा हलवून पाहिला, झाकणावर फडक्याची पट्टी करकचून बांधली आणि डबा पिशवीच्या तळाशी ठेवला. त्यावर काथ्याचा बोळा, मग चार भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. बंदुकीच्या दारूचं शिंग तिने सगळ्यांत शेवटी, दोन बोटांनी उचललं.

"केपा?" काळूरामने विचारलं.

"नाथाभावजींच्या खिशात. दारू तुमच्याकडं, केपा त्यांच्याकडं."

एरवी स्वतःचा सदरा न सापडणारा तिचा नवरा शिकारीच्या दिवशी मात्र काथ्याचा धागासुद्धा तपासून घेई. डुकरांनी रात्रीत वालाचं अर्धं शेत उकरून टाकलं होतं. काळूराम आणि त्याचा चुलतभाऊ नाथा आज डोंगरीच्या रानात बसणार होते. बंदूक ठासणीची. आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं; उडवायच्या वेळी घोड्याखाली ठिणगीची केप बसवायची. ती घरातून रिकामीच निघायची आणि डोंगराच्या पायथ्याशी भरायची, अशी चाल होती.

मंजुळाने पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि काही न बोलता बाजूला झाली. शिकारीला निघालेल्याला कुठे, कधी असलं विचारायचं नाही. मागून हाक तर मारायचीच नाही. मारलीच कुणी, तर शिकारी वळून बघत नाही. दोघं आंगणातून उतरले आणि गावाच्या शेवटच्या घरामागे दिसेनासे झाले.

ओटीवर सासरे बसले होते. सारं गाव त्यांना दाजी म्हणे, घरातलेही तेच म्हणत. ती चहा द्यायला वाकली तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"बार मीच भरलाय पहाटे," दाजी म्हणाले. "राघोला सांगायचं राह्यलं."

राघो म्हणजे काळूरामचा थोरला भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण दाजी हल्ली काळूरामलाच दिवसातून वीसदा राघो म्हणत आणि मंजुळाने दुरुस्त करायचं केव्हाच सोडलं होतं. तिच्या डोक्यात दुसरंच शिरलं. बंदूक भरलेली गेली होती. पायथ्याशी काळूराम त्यावर आणखी एक बार ठासेल. राघोच्या बंदुकीची नळी तशीच फुटली होती, त्यातच तो गेला. मोठ्या डुकराच्या हावेने दुप्पट दारू भरली, असं सगळं गाव म्हणालं. त्याची बायको शेवंती दोन वर्षं ते ऐकत राहिली, मग माहेरी निघून गेली.

मंजुळा तशीच अनवाणी धावली.

मिठागरांच्या बांधावर पाय घसरत होते. फार पुढे दोन डोकी दिसत होती, एकाच्या खांद्यावर बंदूक.  हाक मारली तर अपशकुन, नाही मारली तर नवरा जाईल. तिला इतकी भीती वाटत होती की आपण मोठ्याने रडतोय हेही कळत नव्हतं.

"अहो!"

दोघं वळले नाहीत. नाथाने काळूरामची बाही ओढली आणि दोघं अधिकच भरभर चालू लागले. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा पुन्हा. प्रत्येक हाकेला ते आणखी दूर जात होते. तिच्याच तोंडाने ती त्याला तिकडे ढकलत होती.

बांध संपला तेव्हा ते पायथ्याशी पोचले होते. बंदुकीचा दस्ता जमिनीवर होता आणि काळूराम गज खालीवर करत होता.

"काळूराम!"

लग्नात उखाण्यापुरतं घेतलेलं नाव. काळूराम वळला. नाथाही तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"भरू नका," ती पोचताच म्हणाली. "दाजींनी भरलाय. पहाटेच भरलाय."

नाथा झटकन मागे सरला. काळूरामने गज बाहेर काढला.

"न्हाय," तो म्हणाला. "भरायच्या आधी गज टाकून बघितला मी. तळाला लागला. राघोदादा गेला तवापासून बघतोच."

 मंजुळा खडकावर बसली.

"झाली शिकार," नाथा पुटपुटला. "म्हाताऱ्याच्या नादानं वहिनीनं पार रान उठवलं." तो हसत हसत पाणी प्यायला झऱ्याकडे गेला.

काळूराम हसला नाही.

"दाजी काय बोलले? बोलले तसंच सांग."

"बार मीच भरलाय पहाटे. राघोला सांगायचं राह्यलं."

काळूरामने गजाचं टोक बोटांनी पुसलं.

"त्या दिवशी मी होतो दादाजवळ," तो म्हणाला. "त्यानं एकच बार भरला होता. किती सांगितलं लोकांना. कुणी ऐकलं न्हाय." त्याने गज खाली ठेवला. "म्हणजे आधीचा होता नळीत. दाजींनी भरलेला."

 नवरा समोर धडधाकट उभा होता आणि तरी तिला घरी जायची भीती वाटत होती.

"नाथाला बोलू नको," काळूराम म्हणाला. "शेवंतीवहिनीला मात्र मी सांगणार. तिच्या गावी जाऊन सांगणार."

"आणि दाजींना?"

 काळूरामने बंदूक आणि पिशवी उचलली आणि तो बांधाकडे चालू लागला.

नाथा गावात शिरताच आपल्या घराकडे वळला. दोघं घराशी आले तेव्हा दाजी ओटीवरून उठून आंगणाच्या टोकाला येऊन उभे होते. काठी ओटीवरच विसरलेली. काळूरामकडे त्यांनी पाहिलंही नाही. मंजुळाचे दोन्ही हात धरले.

"गाठलंस का त्याला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"गाठलं, दाजी."

"बार भरायच्या आधी?"

"आधीच."

दाजींनी तिचे हात सोडले. मग ते तिथेच, उन्हात, लहान पोरासारखे रडायला लागले, आणि काळूरामने बंदूक भिंतीला टेकवून त्यांना धरलं.