दोंकाचा उभा फोटो

एका फोटोत यांकोचा फायदा किती, हा हिशेब सोपा होता. डोंगरातलं प्राणी-उद्यान बंद होत होतं. परदेशातलं एक उद्यान नुसते फोटो बघून प्राणी निवडणार होतं. आपल्या पायांवर धड उभा दिसेल त्याला जागा. उरलेल्यांसाठी सोमवारी डॉक्टर कायमचं झोपवणारी सुई घेऊन येणार होता. आणि यांकोची म्हातारी अस्वलीण दोंका चार दिवस गुहेच्या तोंडाशी पडून होती. म्हणजे फायद्याच्या रकान्यात आख्खी दोंका. तोट्याचा रकाना, सध्या तरी, कोरा.

सोफियाहून फोटो काढायला आलेल्या रालित्सानं सकाळपासून बाकीचे प्राणी उरकले होते. लांडगे तर लग्नघरच्या पाहुण्यांसारखे ओळीनं उभे राहिले.

"यांकोकाका, चारची बस आहे माझी. तुमच्या बाईसाहेब उठणार आहेत का?"

"उठेल गं पोरी. बायकांना नटायला वेळ लागतो. तुला नाही का लागत?"

"मी पाच मिनिटांत तयार होते."

"दिसतंय ते."

रालित्सा हसली. यांकोनं मध लावलेला पाव ठेवला, सफरचंदं फोडली, उकडलेला मका परातीत ओतला. दोंकानं नाक हलवलं, एवढंच.

"ऊठ गं माझे आई," तो कुंपणाला कपाळ टेकून म्हणाला. "एकदाच ऊठ. मग झोप वर्षभर."

साडेतीन झाले.

"झोपलेलीच काढ. खाली लिही, सुट्टीवर आहे म्हणून."

"काढते की. पण घेणार नाहीत हो काका."

यांको आपल्या खोलीत गेला आणि गदुलका घेऊन आला. मांडीवर उभी धरून गजानं वाजवायची ही गदुलका एकोणीस वर्षं खुंटीवर होती. त्याआधी हिच्याच सुरावर, नाकातल्या कडीला धरून, तो दोंकाला जत्रांमधून नाचवायचा. शिकवायची रीत बापाची : पिल्लाला तापलेल्या पत्र्यावर उभं करायचं आणि वाजवत राहायचं. पुढं पत्रा लागत नाही, सूर पुरतो. उद्यानानं दोंकाला विकत घेतलं, यांकोला नोकरी दिली आणि एकच अट घातली, तिच्यासमोर पुन्हा वाजवायचं नाही. नाच विसरायला तिला चार वर्षं लागली होती.

"काका, हे कशाला? सकाळी तुम्हीच सांगत होतात ना की..."

"कॅमेरा धर."

"अहो, पण..."

"धर म्हणतो ना!"

पहिल्याच सुराला दोंका उठली. मागच्या दोन पायांवर, ताठ, एखाद्या तरण्या अस्वलासारखी. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. कॅमेरा खटखटत राहिला.

"मिळाला," रालित्सा म्हणाली. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. "थांबवा आता."

यांकोनं गज खाली घेतला.

रालित्साला फोटो मिळाला, बसही मिळाली. असा फोटो बघून दोंकाला जागा न देणारा माणूस जन्मायचाय. यांकोला जे हवं होतं, ते सगळं पदरात पडलं.

सहा वाजता, अंधारून आलं तरी, तो कुंपणाशीच होता.

"बस कर गं," तो म्हणत होता. "केव्हाच थांबवलंय मी. ऐकू येतंय का? काही वाजत नाहीये."

दोंका तशीच उभी होती. एक पाय उचलत होती, मग दुसरा. तिच्या पायाखालची नोव्हेंबरची जमीन गारठून दगड झाली होती.