निघताना म्हणायचा शब्द

रविवार, ३ डिसेंबर २०२३. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. मतांच्या सतरा फेऱ्या मोजायच्या होत्या आणि पहिलीचा आकडा अजून पडद्यावर यायचा होता. हिंदी मुलखातल्या या शहरात, नेहरू नगरातल्या घरात नलिनीताई सगदेव टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांचे यजमान अनंतराव, दोनदा निवडून आलेले आमदार, पुन्हा उभे होते आणि उजाडायच्या आतच मतमोजणीच्या जागी गेले होते. जाताना दारातून म्हणाले होते, "चलतो."

हा ‘चलतो’ नलिनीताईंना गेली कित्येक वर्षे सलत होता. तो ना धड मराठी, ना धड हिंदी. सगदेवांच्या घरात बाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणे. ‘जातो’ म्हणणे अशुभ. अनंतराव पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते आणि शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बिऱ्हाड होते, तेव्हा रोज सकाळी फाटकाची कडी आणि ‘येतो’ हे दोन आवाज एकामागून एक येत. संध्याकाळी तो माणूस खरोखरच येई. मग दोघे जवाहर चौकात भाजीला जात. भरल्या वांग्यांसाठी वांगी निवडताना अनंतराव एकेक देठ असा न्याहाळत, की जणू धरणाचा दरवाजाच तपासत आहेत. भाजीवाली करवादे, "साहब, बैंगन है, दुल्हन नहीं!"

तो शब्द घरातून गेला आणि त्याला घालवणाऱ्या नलिनीताईच होत्या.

२००८ साली नोकरी सोडून अनंतराव पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले. ज्या वस्तीतल्या नाल्यांचा उतार त्यांनी स्वतः उभे राहून नीट करून घेतला होता, त्याच वस्तीने पाठ फिरवली. कारण कुणालाच उमगेना. शेवटी तिथला शिंपी गोविंद घरी आला आणि अवघडून म्हणाला, "साहब, बुरा मत मानना. आप हर गली में बोल के गए, आता हूँ. औरतों ने चूल्हे पे चाय चढ़ाए रखी. आप आए ही नहीं. लोग बोले, जो शाम का वादा नहीं रखता, वो पाँच साल का क्या रखेगा?"

नलिनीताईंनी कपाळावर हात मारला. मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. अनंतरावांनी त्याचे शब्दाला शब्द ठेवून हिंदी केले होते. हिंदीत ‘आता हूँ’ म्हणजे आत्ता परत येतो, थांबा.

"अहो, तिथे ‘चलता हूँ’ म्हणायचं," त्यांनी सांगितले. "‘आता हूँ’ म्हटलंत तर यावं लागतं."

"आणि घरी?"

"घरी काय म्हणायचं ते घरी."

अनंतरावांनी शब्द घोकून पाठ केला, पुढची निवडणूक जिंकली, तिच्यापुढचीही जिंकली. पण जिभेला दोन घरे सांभाळता येईनात. हळूहळू ‘चलता हूँ’चा ‘चलतो’ होऊन तो याही उंबरठ्यावर आला. शब्दापाठोपाठ माणूसही तसाच झाला. आज विधानसभा, उद्या दौरा, परवा कुणाचे तरी लग्न. यंदा तिकीट जाहीर झाले त्या दिवशी मात्र ते स्वतःहून म्हणाले होते, "ही शेवटची. पडलो तर पुरे. मग रोज संध्याकाळी भाजीची पिशवी माझ्या हातात."

‘जिंकलो तर’चे ते काही बोलले नव्हते. नलिनीताईंनी मत त्यांनाच दिले. गणपतीपुढे मात्र हात जोडून गप्प उभ्या राहिल्या. जे मागावेसे वाटत होते ते सौभाग्यवतीच्या तोंडी शोभणारे नव्हते.

शेजारच्या मंजूषाबाई चिवड्याचा डबा घेऊन येऊन बसल्या. फेरीमागून फेरी अनंतराव मागे पडत चालले. अकराव्या फेरीला नलिनीताई उठल्या, दाराआडच्या खिळ्यावरची कापडी पिशवी त्यांनी काढली, अंगणात नेऊन झटकली, घडी घालून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली.

"काय हो हे नलिनीताई!" मंजूषाबाई डोळे वटारून म्हणाल्या. "नवरा तिकडे गटांगळ्या खातोय आणि तुम्ही पिशव्या झटकताय? विरोधी पक्षात गेलात की काय?"

नलिनीताई हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले.

तेराव्या फेरीत गोविंदच्या वस्तीची यंत्रे उघडली आणि वारे फिरले. पिछाडी आटत आटत नाहीशी झाली, मग आघाडी वाढू लागली. मंजूषाबाईंनी टाळ्या पिटल्या. नलिनीताईंनी ओवाळणीचे तबक काढले, निरांजनात वात ठेवली आणि ती तीनदा सरळ केली. दूर कुठेतरी ढोल वाजू लागले.

दुपारी मिरवणूक दारात आली. गुलालाने माखलेले अनंतराव पाटावर उभे राहिले. नलिनीताईंनी कुंकू लावले, ओवाळले. इतक्या जवळून त्यांचा चेहरा त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तो थकला होता आणि लहान मुलासारखा उजळला होता. त्या आनंदाचा त्यांना राग येईना, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात अनंतरावांची नजर खुर्चीकडे गेली. घडी घातलेल्या पिशवीवर ती थांबली. ते काही बोलणार, तोच कार्यकर्ता जितेंद्र ओरडला, "भाई साहब, चलिए, जुलूस रुका है!" चार हातांनी त्यांना उचलून उघड्या जीपमध्ये चढवले.

जीप हलली. अनंतराव मागे वळले आणि ढोलांवर आवाज चढवून ओरडले, "आता हूँ!"

गर्दी हसली. फाटकाशी उभ्या असलेल्या गोविंदने कान पकडले. "लो, साहब ने फिर वही बोल दिया! पंद्रह साल की पढ़ाई पानी में!"

जीप वळणाआड गेली. नलिनीताई तबक हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"गोविंदभाई," त्यांनी विचारले, "अभी जो बोले, वो हिंदी में बोले कि मराठी में?"

शब्द हिंदीतला असेल तर माणूस आत्ता परत येणार होता. मराठीतला ‘येतो’ असेल तर तो नुसता निरोप होता. पण इतक्या वर्षांनी दारात परतलेला.

गोविंदने वळणाकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "भाभीजी, ये तो शाम को पता चलेगा."

मंजूषाबाई संध्याकाळी चौकात भाजीला जायला निघाल्या तेव्हा "चलता का?" म्हणून विचारायला आल्या. नलिनीताई नको म्हणाल्या. पिशवी खुर्चीवरच होती. त्यांनी फाटकाची कडी काढून ठेवली, दिवा लावला आणि टीव्हीचा आवाज बंद करून बाहेरच्या रस्त्याकडे कान दिला. पडद्यावर सरकत्या पट्टीत तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती : अनंत सगदेव विजयी, मताधिक्य १,२०४.